पंधरा मिनिटं पुढे

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला आमच्याकडे सगळे धाकटीच म्हणतात. ती पन्नाशीला आली तेव्हा सर्व्हर तिच्या गळ्यात पडला. गळ्यातच पडला म्हणायचा, कारण तिने काही तो मागितला नव्हता. तिला कधी कोणाला नाही म्हणता आलं नाही, हे त्याचं खरं कारण. आता तिच्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. तिने खोटे कागद केले ही एक, आणि साठ जणांच्या पोटावर पाय दिला ही दुसरी. बोलणाऱ्यांपैकी एकालाही सर्व्हर कशाशी खातात ते ठाऊक नाही. मला थोडंफार ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

ती धुलाईच्या कारखान्यात हजेरी कारकून होती. गावातल्या इस्पितळांच्या चादरी, डॉक्टरांचे हिरवे कपडे, टॉवेल, सगळं तिथे ट्रॉल्या भरभरून यायचं, वाफेवर धुतलं-वाळवलं जायचं आणि घड्या होऊन परत जायचं. माझा भाऊ तिथलीच गाडी चालवायचा. फाटकाजवळच्या खिडकीत धाकटी बावीस वर्षं बसली. कोण आलं, कोण गेलं, कुठली गाडी किती वाजता बाहेर पडली, हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. साबणाच्या वाफेने तिच्या चष्म्याच्या काचा कायम धुरकट असत, आणि त्या पुसायला पदर हाताशी असूनही ती त्या तशाच ठेवायची. मी कितीदा बोलले असेन, काही उपयोग नाही.

मग मालकाने हजेरी आणि फाटकाच्या नोंदींसाठी सर्व्हर घेतला. विकणारा गृहस्थ दोन दिवस आला, फाटक्या चादरी ठेवायच्या खोलीत एक काळी पेटी बसवून गेला, आणि जाताना विटेएवढं जाड इंग्रजी मॅन्युअल धाकटीच्या हातात देऊन म्हणाला, “सगळं आपोआप होतं, मॅडम. तुम्ही फक्त लक्ष ठेवायचं.” सगळं आपोआप होत असेल तर लक्ष कशावर ठेवायचं, हे त्याला विचारायला मी तिथे नव्हते.

रविवारी ती मॅन्युअल कापडी पिशवीत घालून माझ्याकडे आली.

“वन्सं, यातलं मला एक अक्षर कळत नाही.”

“मग घेतलंस कशाला?”

“मालक म्हणाले, हजेरी तुम्ही बघता, आता हेही बघा.”

“उद्या म्हणतील, बॉयलरही बघा!”

मी विज्ञानाची पदवीधर, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. सर्व्हर मीही पाहिला नव्हता, पण वाचता येत होतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दर रविवारी बसू लागलो. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची आणि ती ते कारखान्यात नेऊन बसवायची. युजरची यादी म्हणजे हजेरीपुस्तक. कोणाला कुठलं फोल्डर उघडायची परवानगी, म्हणजे कपाटांच्या किल्ल्या. बॅकअप म्हणजे इस्पितळवाले जादा चादरींची एक थप्पी वेगळी ठेवतात तसं. मला वाटलं होतं चार रविवारांत कंटाळेल. उलट मीच कंटाळले. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर सराव करताना तिने एकदा सगळी खाती पुसून टाकली, आणि त्यात स्वतःचंही. मग पडद्यासमोर बसून म्हणते कशी, “वन्सं, आता मी या घरात कोणीच नाही.” आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मॅन्युअलमध्ये एक सूचना होती: प्रत्येक बदल लिहून ठेवावा, काय केलं, केव्हा आणि कशासाठी. ती टाळायला बघत होती. मी निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणून तिच्यापुढे आपटली. वहीत पासवर्डही असत, म्हणून वही माझ्याकडेच, चमच्यांच्या खणात. दर रविवारी ती आठवड्याचे बदल लिहायची आणि मी लाल पेन्सिल घेऊन तपासायची. सवय जात नाही.

आता घड्याळाचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

त्या कारखान्यातली घड्याळं पंधरा मिनिटं पुढे असत. मालकाच्या वडिलांनी काढलेली शक्कल. सकाळची हजेरी घड्याळावर, सुटी मात्र शेवटची ट्रॉली गेल्यावर. म्हणजे पुढे असण्याचा फायदा एकाच बाजूला. लोक त्याला ‘मालकाची वेळ’ म्हणायचे. “किती वाजले?” “खरे की मालकाचे?” हा विनोद वीस वर्षं चालला आणि तरी शिळा झाला नाही.

सर्व्हर मात्र बाहेरून खरी वेळ घेत होता. पहिल्याच सकाळी रोज उशिरा ठरणारी अकरा माणसं वेळेवर ठरली. मालकाने तिला आत बोलावलं.

“बाई, तुमचं यंत्र खोटं बोलतंय.”

“मालक, ते बरोबर आहे. आपली घड्याळं—”

“माझ्या कारखान्यात बरोबर काय, ते मी ठरवतो. पुढे करा.”

तिने पुढे केलं. दुसऱ्या दिवशी सातच्या सात कॉम्प्युटरांनी कोणालाच आत घेतलं नाही. मालकालाही नाही. तो लाल होऊन फाटकापर्यंत आला. तिने मॅन्युअल उघडलं, शब्दकोश काढला, आणि दुपारपर्यंत ते वाक्य शोधून काढलं: सर्व्हरच्या आणि मशीनच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला, तर सर्व्हर त्या मशीनला परका समजतो. मग ती एकेका मशीनपाशी गेली आणि सातही घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली. सगळं सुरळीत झालं. रविवारी मला म्हणाली, “वन्सं, सगळ्यांनी मिळून खोटं बोललं की त्याला चालतं. एकट्याने बोललेलं चालत नाही.”

एकच घड्याळ तेवढं राहिलं. बॉयलरवर दाबाची नोंद करणारं यंत्र होतं, आतल्या कागदावर रेघ ओढत जाणारं. त्याला तपासणी खात्याचं सील होतं. ते फोडून घड्याळ पुढे करायची मालकाची छाती झाली नाही. त्या यंत्राकडे बघणारा माणूसही एकच, बॉयलरचा मिस्त्री.

मिस्त्री साठीला टेकलेला, हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. काही सांगायचं असलं की तो बॉयलरची शेड सोडायचा, अख्खं अंगण ओलांडून मालकाच्या दारात येऊन उभा राहायचा. टोपी हातात, बुटांना तेल. मालकाची फरशी खराब व्हायची. “याला काहीतरी सोय करून द्या,” असं मालक म्हणाला, आणि धाकटीने शेडमधल्या कॉम्प्युटरवर त्याचं खातं उघडलं. दोन दुपारी जाऊन त्याला निरोप टाइप करायला शिकवलं.

“ताई, तुमच्या पेटीला ताप येत नाही का?”

“येतो. पंखा लावलाय.”

“माझीला पंखा लावून भागत नाही बघा.”

तो एका बोटाने, एकेक अक्षर शोधून टाइप करायचा. तरी जमलं. त्यानंतर तो ऑफिसच्या दारात उभा राहिलेला कोणी पाहिला नाही.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, वाफेच्या मुख्य पाइपाचा सांधा फुटला. धाकटी खिडकीत होती. जाड चादर कोणीतरी उभी फाडावी तसा आवाज झाला म्हणते, आणि मग अंगण पांढरंफटक. मिस्त्रीला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता, पण बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी गेला. ज्या इस्पितळात गेला, तिथल्या चादरी आमच्याच कारखान्यात धुतलेल्या होत्या.

अपघाताच्या दिवशीच दुपारी मालक सगळ्यांना म्हणाला, “परवा खात्याचा माणूस येतोय. घड्याळंबिड्याळं नीट करा.” शिपायाने स्टूल घेऊन भिंतीवरची घड्याळं मागे केली. धाकटीने सर्व्हरचं आणि सातही मशीनांचं केलं. सांगितलेलं करायची बावीस वर्षांची सवय. हात चालले, डोकं नाही. मी तिला अजून या एका गोष्टीसाठी रागावते. ती ऐकून घेते.

तपासनीस आला तो घडी विभागात बसला, चादरी लावायच्या लांब टेबलाशी. मालकाने सांगितलं: मिस्त्रीने दाबाकडे दुर्लक्ष केलं, मला काहीच कळवलं नाही. साठ वर्षांचा माणूस, डोळा लागला असेल.

धाकटीला हे शिपायाकडून कळलं. ती सर्व्हर असलेल्या फाटक्या चादरींच्या खोलीत गेली, मिस्त्रीचं खातं उघडलं आणि तिथे तो निरोप सापडला. ‘साहेब दाब चढतोय वॉल्व नीट सुटत नाही बंद करू का.’ खाली मालकाचं उत्तर: ‘आधी धुलाईच्या दोन फेऱ्या काढ मग बघू.’ मालकाने आपल्याकडचं पुसलं होतं. मिस्त्रीच्या खात्यातलं पुसायचं त्याला ठाऊक नव्हतं. तिने कागद छापला आणि तपासनिसापुढे नेऊन ठेवला. मिस्त्रीला झोपाळू ठरवून पुरायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तपासनिसाने वेळ बघितली. “निरोप नऊ सत्तावीसचा. बॉयलरच्या कागदावर दाब कोसळलाय नऊ वीसला. सात मिनिटं आधी भाजून पडलेल्या माणसाने हा टाइप केला?”

“साहेब, सर्व्हरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं. निरोप खरा नऊ बाराचा आहे.”

“आत्ता तर बरोबर दिसतंय.”

“मी परवा दुपारी मागे केलं. त्याची नोंद आहे.” तिने नोंद काढून दाखवली. तीन पाच होते ते दोन पन्नास केले, करणारा, ॲडमिनिस्ट्रेटर.

“म्हणजे अपघातानंतर घड्याळाला हात लावणाऱ्या तुम्हीच.”

“हो.”

“मिस्त्रीचा पासवर्ड कोणाला माहीत होता?”

“मला. मीच दिला होता.”

“त्याच्या नावाने निरोप लिहायचा झाला, तर तुम्ही लिहू शकता?”

दुसरी एखादी बाई इथे चाचरली असती. ही म्हणाली, “शकते. लिहिला नाही.”

तपासनिसाने मग माणसं बोलावली. घडी विभागाची मुकादमीण पहिली. तिला सगळे शिट्टी म्हणायचे, तिची हाक तीन विभाग पलीकडे जायची. घड्याळावरचे निम्मे विनोद तिचेच. ती दारातच उभी राहून हळू आवाजात म्हणाली, “घड्याळ बरोबरच असतंय की, साहेब.” तिच्या मागून एकेक आले आणि एकेक तेच बोलून गेले. मालक खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभा होता. कोणाकडे बघायचीही त्याला गरज पडली नाही.

त्या संध्याकाळी ती थेट माझ्याकडे आली आणि खणातून वही काढली. दोन वर्षांपूर्वीचं पान. ‘सर्व्हरचं घड्याळ १५ मिनिटं पुढे.’ शेजारी माझ्या लाल पेन्सिलीत ‘कारण?’ आणि खाली तिचं अक्षर, ‘मालकांचा हुकूम.’

माझा भाऊ पाठोपाठ आला. असा भडकलेला मी त्याला फार वेळा पाहिलेला नाही.

“तुला काय पडलंय? तो गेला. आपण दोघं तिथेच कामाला आहोत, हे विसरलीस?”

“नाही विसरले.”

“वहीने काय होणार आहे? काल रात्री बसून लिहिली म्हणतील. ताई, तू सांग हिला.”

मी काय सांगणार होते? मी म्हटलं, “वहीने खरंच काही होणार नाही. आम्हा दोघींच्या हातची गोष्ट आहे ती. तिसरं कोणीतरी पाहिजे, ज्याचं आपल्याशी काही देणं-घेणं नाही.”

भाऊ जेवला नाही. धाकटीही नाही. मी दोघांसाठी केलेला भात सकाळी मीच खाल्ला.

पुढचं धाकटीने सांगितलेलं आहे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी भावाने तिच्या कपाशेजारी प्लास्टिकची एक पिशवी ठेवली. तिच्यात पावत्या होत्या. गाडी सर्वांत जवळच्या इस्पितळात पोचली की तिथला माणूस शिक्का मारून वेळ टाकायचा, ती पावती गाडीच्या कप्प्यात पडून राहायची. माझा भाऊ कधी काही फेकत नाही. घरात याच्यावरून किती भांडणं झालीत. दोन वर्षांच्या पावत्या होत्या.

“हे घे. फाटकाच्या नोंदीशी ताडून बघ म्हणावं. आणि मला काही विचारू नकोस.”

तपासनिसाने ताडून बघितलं. फाटकाची नोंद सर्व्हरवरची, मालकाच्या वेळेची. पावतीवरची वेळ इस्पितळाची, खरी. रस्ता दहा-बारा मिनिटांचा. दोन वर्षं, रोज, गाडी निघायच्या आधीच पोचत होती. तपासनीस एक पावती, दुसरी, पाचवी बघत गेला आणि मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुमचे यजमान फारच वेगाने चालवतात,” म्हणाला. धाकटीला हसू आलं नाही.

अहवालात लिहिलं गेलं की निरोप खरा आहे आणि मिस्त्रीने वेळेवर कळवलं होतं. त्याचा दोष नाही. मालकावर खटला उभा राहिला. तो चालला आहे, चालत राहील. मी काही निकाल बघायला असेन असं वाटत नाही. कारखान्याला टाळं लागलं. इस्पितळांनी चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. धाकटी घरी, भाऊ घरी, आणि बाकीचे अठ्ठावन्नही घरी. शिट्टी एकदा भाजीच्या गाड्याशी भेटली. तिने पूर्वीच्याच आवाजात, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं, “झालं का समाधान? मेला माणूस उठून बसला का?”

धाकटीने वांगी निवडायचं थांबवलं नाही. घरी येऊन मला म्हणाली, “वन्सं, तिचं खरं आहे.” मी म्हटलं, “तिचं काहीही खरं नाही,” आणि वांगी तिच्या हातातून ओढून घेतली, कारण ती अर्धी किडकी होती.

महिन्याभराने मिस्त्रीची बायको आली. माझ्याच घरी, रविवारी, आम्ही दोघी टेबलाशी होतो तेव्हा. सर्व्हर नव्हता, कारखाना नव्हता, तरी धाकटी रविवारी यायची थांबली नव्हती. ठेंगणी, शांत बाई. रडून झालेली होती, हे बघताच कळत होतं. पाणी घेतलं, चहा नको म्हणाली.

“त्यांचा दोष नाही असं लिहून आलं. तुमच्यामुळे आलं. ते सांगायला आले,” ती धाकटीला म्हणाली. “आणि तो निरोप मला बघायचा होता.”

धाकटीने वहीत घडी घालून ठेवलेला कागद तिला दिला. तिने सावकाश वाचला, मिस्त्री टाइप करायचा तसा, एकेक अक्षर धरून.

“हे त्यांनी किती वाजता पाठवलं? खरे किती?”

“नऊ बारा.”

“आणि फुटलं?”

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? वजाबाकीच ती. “नऊ वीस,” ती म्हणाली.

“आठ मिनिटं.” बाईने कागद टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. “शेडपासून ऑफिसच्या दारापर्यंत जायला किती लागायचं त्यांना?”

वीस वर्षं खिडकीतून त्याला ते अंगण ओलांडताना धाकटीने पाहिलं होतं. खोटं बोलायला तिला तेव्हा तरी यायला हवं होतं. “दोन मिनिटं,” ती म्हणाली.

“मग ते तिकडेच असते,” बाई म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, राग नव्हता. बेरीज जुळली की म्हणतात तसं ती म्हणाली. “साहेबांच्या दारात उभे असते. टोपी हातात घेऊन. पूर्वी जायचेच ना ते.”

ती उठली, धाकटीच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि गेली. कागद तिने नेला नाही.

धाकटीने वही ओढली आणि पहिल्या पानापासून उलटत गेली. मला वाटलं घड्याळाचं पान शोधते आहे. ते तिने ओलांडलं. आणखी काही आठवडे पुढचं एक पान तिने काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. ‘बॉयलर शेड. मिस्त्रींचं खातं उघडलं, निरोप पाठवायला शिकवलं. कारण: मिस्त्रींची पायपीट वाचावी.’

शेजारी माझ्या लाल पेन्सिलीची, बरोबरची खूण आहे.